तांब्याची रेघ

छापील सर्किट बोर्ड, म्हणजेच पीसीबी, ही एक पाटी असते. तिच्यावर इलेक्ट्रॉनिक भाग बसतात आणि तिच्या अंगावरच्या तांब्याच्या रेघांनी ते एकमेकांना जोडले जातात. सर्वांत जास्त वापरातली पाटी १.६ मिलिमीटर जाडीची, विणलेल्या काचेच्या कापडात इपॉक्सी मुरवून केलेली असते. तिचे नाव एफआर-४. बाजारात तिला नुसते ‘ग्लास इपॉक्सी’ म्हणतात. तिच्यावर ३५ मायक्रॉन जाडीचा तांब्याचा थर चिकटवलेला असतो. कारखान्यात या जाडीला ‘एक औंस’ म्हणायची पद्धत आहे, कारण एक औंस तांबे एक चौरस फुटावर सारखे पसरले की थर तेवढाच होतो. हव्या त्या रेघा झाकायच्या आणि उघडे राहिलेले तांबे रसायनाने खाऊन टाकायचे, ही मूळ कृती ऐंशी वर्षांत फारशी बदललेली नाही. बदलले आहे ते रेघा कोठून आणि कशा न्यायच्या हे ठरवण्याचे काम. त्याला लेआउट म्हणतात. ते करणारा माणूस एके काळी आरेखक होता, आज त्याला अभियंता व्हावे लागते. आणि त्यामुळे हे काम शिकण्याची वाटही पार बदलून गेली आहे.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या रेडिओत पाटी नव्हती. पत्र्याच्या चासिसवर व्हॉल्व्हचे सॉकेट बसवलेले असत आणि रेझिस्टर, कंडेन्सर त्यांच्या पायांना किंवा शेजारच्या टॅगपट्टीला थेट डाग देऊन जोडलेले असत. प्रत्येक जोड हाताने व्हायचा आणि तो बरोबर आहे की नाही हे जोडणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असायचे. या तारांच्या गुंत्याला पर्याय शोधणाऱ्यांत पॉल आइस्लर यांचे नाव आघाडीवर घेतले जाते. आइस्लर १९०७ साली व्हिएन्नात जन्मले. ज्यू असल्यामुळे तेथे त्यांना काम मिळणे अवघड झाले आणि १९३६ साली ते लंडनला आले. छपाईचे तंत्र त्यांना ठाऊक होते. अक्षरे छापावीत तशी तांब्याच्या पातळ पत्र्यावर सर्किटची आकृती छापायची आणि उरलेले तांबे आम्लाने काढून टाकायचे, अशी त्यांची युक्ती होती. या पद्धतीचा रेडिओ त्यांनी करून दाखवला, तेव्हा एका कंपनीने तो नाकारला. हाताने तारा जोडणाऱ्या मुली स्वस्त पडतात, असे कारण दिले गेले. त्यांचा पेटंटचा अर्ज १९४३ सालचा आहे. ‘छापील’ हा शब्द पीसीबीच्या नावात आहे तो या छपाईमुळे.

अमेरिकेत युद्धकाळातच, लक्ष्याजवळ पोचताच फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या फ्यूजसाठी सिरॅमिकच्या पट्टीवर चांदीमिश्रित शाईने सर्किट छापले गेले. पुढे अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमधल्या मो अब्रामसन आणि स्टॅनिस्लाउस डॅन्को यांनी पाटीला भोके पाडून त्यांतून भागांचे पाय खाली काढले आणि सगळी पाटी एकदम वितळलेल्या सोल्डरमध्ये बुडवली. शेकडो डाग एका बुडवणीत पडले. या पद्धतीचे पेटंट त्यांना १९५६ साली मिळाले आणि कारखान्यांनी पाटी खऱ्या अर्थाने स्वीकारली ती याच काळात.

पाटी आली आणि तिच्याबरोबर तिचे चित्र काढणारा माणूस आला. १९६० पासून १९८० च्या दशकापर्यंत लेआउट म्हणजे टेपचे काम होते. खालून उजेड येणारे काचेचे टेबल, त्यावर एक दशांश इंचाच्या चौकटींचा कागद आणि त्याच्यावर मायलरची पारदर्शक फिल्म. मायलर अशासाठी की हवेतल्या ओलाव्याने कागद आखडतो-फुगतो, मायलर जवळजवळ हलत नाही. या फिल्मवर काळे गोल स्टिकर चिकटवायचे. प्रत्येक स्टिकर म्हणजे भागाच्या एका पायाचा पॅड, मध्ये भोकासाठी बारीक पांढरा ठिपका. पॅडपासून पॅडपर्यंत काळी क्रेप कागदाची चिकटपट्टी न्यायची, टोकाला स्काल्पेलच्या पात्याने कापायची. क्रेपची पट्टी वळते, म्हणून कोपरे गोलसर घेता येत. मात्र वळणावर ती ताणून बसवली तर काही तासांत आकसून पॅडवरून सरके आणि रेघ तुटे. म्हणून अनुभवी माणूस पट्टी ओढत नसे, नुसती सोडत जाई आणि बोटाने दाबत जाई.

चित्र खऱ्या मापाच्या दुप्पट काढले जाई, कधी चौपट. मोठ्या कॅमेऱ्याने ते लहान केले की हाताची चूकही निम्मी व्हायची. पाटीला दोन बाजू असतील तर एकाच फिल्मवर एका बाजूसाठी लाल आणि दुसरीसाठी निळी पट्टी लावायची सोय होती; कॅमेऱ्यापुढे रंगीत काच धरली की एक रंग दिसेनासा होई आणि दोन्ही बाजूंची वेगळी निगेटिव्ह निघे. पॅड दोन्हींत तेच असल्यामुळे भोके एकमेकांवर तंतोतंत यायची. तपासणीला दोघे बसत. एकाने स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटची मूळ आकृती, वाचायची, दुसऱ्याने फिल्मवर ती रेघ बोटाने धुंडायची आणि सापडली की स्कीमॅटिकवर पिवळ्या पेन्सिलीने ती रेघ भरायची. सगळा कागद पिवळा झाला की काम झाले.

एखादा आयसी अर्धा इंच सरकवायचा म्हटले की दिवसभराचे काम उचकटायला लागे. म्हणून पट्टीला हात लावण्याआधी कागदावर पेन्सिलीने भागांच्या जागा पुन्हा पुन्हा मांडल्या जात. जागा नीट बसल्या की रेघा सरळ पडतात, जागा चुकल्या की कितीही हुशारीने रेघा काढा, त्या एकमेकींना अडतात. पुढच्या पिढ्यांना संगणकावर जे सांगून पटवावे लागते ते टेपवाल्याला पहिल्या महिन्यातच कळून चुकायचे, कारण चुकीची किंमत त्याला स्वतःच्या हाताने मोजावी लागायची. या शिक्षणाला बहुतेक ठिकाणी वर्ग नव्हता. आरेखनाचे शिक्षण घेतलेला मुलगा कंपनीत लागायचा आणि जुन्या माणसाच्या टेबलाशेजारी बसून शिकायचा.

भारतात हे ज्ञान पुस्तकात नीट बांधण्याचे श्रेय बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सीईडीटी या केंद्राकडे जाते. स्वित्झर्लंडच्या सहकार्याने १९७४ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात इलेक्ट्रॉनिक वस्तू आखण्याचे आणि घडवण्याचे शिक्षण दिले जाई. तेथल्या वॉल्टर बॉशार्ट यांचे पीसीबीवरचे पुस्तक १९८३ साली टाटा मॅकग्रॉ-हिलने काढले आणि देशभरच्या डिप्लोमा-डिग्रीच्या मुलांच्या हातात ते बरीच वर्षे राहिले. रेघेची रुंदी किती, दोन रेघांत अंतर किती, ग्राउंड कसा न्यावा, एचिंगच्या, म्हणजे तांबे खाण्याच्या, टाकीत काय घडते, हे सगळे त्यात एका जागी होते. सीईडीटीच्या धर्तीची संस्था औरंगाबादेतही, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातही, निघाली. ती आज नायलिट या नावाने चालते.

वर्गाबाहेरची शाळा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेत भरत होती. तेथून तांबे लावलेल्या हायलम पाटीचा तुकडा, फेरिक क्लोराइडची पुडी आणि बारीक ड्रिलची पाती आणायची. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिकात प्रकल्पासोबत लेआउट खऱ्या मापात छापलेला असे. तो कार्बनपेपरने तांब्यावर उतरवायचा, रेघा रंगाने किंवा न पुसणाऱ्या पेनाने गिरवायच्या आणि प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये तपकिरी द्रावणात पाटी हलवत राहायची. द्रावण कोमट असले की काम भराभर होते. गार असले की रेघांच्या कडा खालून खाल्ल्या जातात तरी मधले तांबे जात नाही. कपड्यावर पडलेला फेरिक क्लोराइडचा डाग कधी निघत नाही, हा धडाही तेथेच मिळे. नंतर लेझर प्रिंटरच्या टोनरने चकचकीत कागदावर छापून इस्त्रीने चित्र तांब्यावर उतरवायची पद्धत आली. हे घरगुती एचिंग आज मागे पडले आहे, पण तांबे खाल्ले जाताना एकदा तरी डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला कारखान्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

टेपनंतरचा बदल संगणकाच्या पडद्याआधी कॅमेऱ्याच्या खोलीत झाला. तो घडवणारे जोसेफ गर्बर हेही आइस्लरांप्रमाणे व्हिएन्नाचेच, जन्म १९२४ चा. नाझींच्या तावडीतून सुटून १९४० मध्ये आईबरोबर अमेरिकेला पोचलेले. त्यांच्या कंपनीने फोटोप्लॉटर बनवला. त्यात फिल्मवर उजेडाचा झोत फिरे आणि झोताच्या वाटेत एक चाक असे. चाकाला वेगवेगळ्या आकारांच्या खिडक्या असत, त्यांना अपर्चर म्हणत. गोल खिडकीतून एकदा उजेड मारला की पॅड, उजेड चालू ठेवून झोत सरकवला की रेघ. यंत्राला द्यायच्या आज्ञा साध्या होत्या: डी०१ म्हणजे रेघ ओढ, डी०२ म्हणजे उजेड बंद करून सरक, डी०३ म्हणजे जागेवर एकदा चमक, डी१० पासून पुढे खिडक्यांचे क्रमांक. चाकाचे प्लॉटर केव्हाच मोडीत निघाले, पण या आज्ञा राहिल्या. आजही बोर्ड करायला पाठवायचा म्हणजे ‘गर्बर पाठवायचा’, आणि ती फाइल साध्या मजकुरासारखी उघडली तर डी०१ आणि डी०३ ओळीओळीने दिसतात. जुन्या फाइलमध्ये खिडक्यांची यादी वेगळी पाठवावी लागे. ती हरवली किंवा चुकीची लागली की रेघा भलत्याच रुंदीच्या होत. १९९८ च्या आरएस-२७४-एक्स या आवृत्तीने यादी फाइलच्या पोटात घातली तेव्हा हा घोळ मिटला. शिकणाऱ्याने स्वतःची गर्बर फाइल वेगळ्या व्ह्यूअरमध्ये एकेक थर करून पाहिल्याशिवाय कारखान्याकडे पाठवू नये, हा नियम मात्र तेव्हाइतकाच आजही लागू आहे. कारखाना फाइलमध्ये आहे तेच बनवतो, आखणाऱ्याच्या मनात काय होते ते त्याला दिसत नाही.

आखणी संगणकावर आली ती आधी महागड्या यंत्रांवर, मग १९८० च्या दशकात पीसीवर. १९८५ साली टास्मानियात प्रोटेल आणि अमेरिकेत ऑरकॅड या सॉफ्टवेअर कंपन्या उभ्या राहिल्या, १९८८ मध्ये जर्मनीत ईगल हे सॉफ्टवेअर आले. पडद्यावरचे लेआउट म्हणजे पट्टीची नुसती नक्कल नव्हती. स्कीमॅटिकमधून नेटलिस्ट निघते, म्हणजे कोणता पाय कोणाला जोडायचा याची यादी. ती यादी पाटीवर बारीक सरळ दोऱ्यांच्या रूपाने दिसते आणि त्या गुंत्याला धंद्यात ‘रॅट्सनेस्ट’ म्हणतात. भाग सरकवला की दोरे त्याच्याबरोबर येतात, रेघ काढली की दोरा नाहीसा होतो. एकही दोरा उरला नाही की जोडणी पूर्ण, आणि दोन रेघा फार जवळ आल्या तर डीआरसी, म्हणजे नियमांची आपोआप होणारी तपासणी, लगेच खूण दाखवते. पिवळ्या पेन्सिलीचे काम यंत्राकडे गेले आणि लेआउटमधली एक मोठी भीती संपली.

रेघाही यंत्रानेच काढाव्यात हे स्वप्न त्याहून जुने आहे. १९६१ साली सी. वाय. ली यांनी चौकटींच्या जाळ्यातून वाट शोधण्याची रीत मांडली. सुरुवातीच्या चौकटीपासून पाण्यात दगड टाकल्यावर उठावेत तसे तरंग पसरवायचे, प्रत्येक चौकटीवर तरंगाचा आकडा लिहायचा, तरंग मुक्कामाला पोचला की आकडे उतरत्या क्रमाने धरून परत यायचे. वाट असेल तर ती सापडतेच आणि सर्वांत जवळचीच सापडते. तरी अशा आपोआप रेघा काढणाऱ्या ऑटोराउटरच्या हाती अख्खा बोर्ड देणारा जाणकार विरळाच. यंत्र एका वेळी एक रेघ पाहते आणि तिच्यासाठी सर्वांत सोपी वाट घेते. त्या वाटेने पुढच्या वीस रेघांची कोंडी होईल, किंवा अमुक रेघ गोंगाट करणाऱ्या भागाशेजारून नेऊ नये, हे त्याला आपणहून कळत नाही. आज शिकलेल्या नमुन्यांवरून जागा आणि वाटा सुचवणारी नवी साधने येत आहेत. त्यांनाही कोणती रेघ कोणापासून दूर हवी, किती लांब चालेल, कोणत्या थरावर हवी, हे नियम कोणीतरी आधी लिहून द्यावेच लागतात.

तंत्र बदलत असताना पाटीवरचे भागही लहान होत गेले. जुन्या आयसीचे पाय २.५४ मिलिमीटर अंतरावर असत आणि दोन पायांमधून एखादी रेघ सहज जाई. १९८० च्या दशकात पृष्ठभागावर बसणारे भाग पसरले आणि पायांना भोकांची गरज उरली नाही. आज ०४०२ मापाचा रेझिस्टर एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. बीजीए जातीच्या आयसीला पायच नसतात. पोटाखाली सोल्डरच्या गोळ्यांची रांगोळी असते, आणि गोळ्यांमधले अंतर ०.४ मिलिमीटरपर्यंत आले आहे. आतल्या गोळ्यांपर्यंत पोचायला अनेक थर लागतात आणि थरांना जोडायला लेझरने पाडलेली सूक्ष्म भोके. युरोपने १ जुलै २००६ पासून शिशाच्या सोल्डरवर बंधन घातले, तेव्हा सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीचे तापमानही चढले, कारण शिसे-कथलाचे मिश्रण १८३ अंशाला वितळते आणि शिशाविना प्रचलित मिश्रण सुमारे २१७ अंशाला.

तरी धंद्याचा कणा बदलला तो वेगामुळे. एफआर-४ वरच्या रेघेतून सिग्नल एका नॅनोसेकंदात सुमारे १५ सेंटिमीटर जातो. सिग्नल शून्यावरून एकावर चढायला दहा नॅनोसेकंद घेत होता तोवर वीतभर रेघ म्हणजे नुसती तार होती. चढण एका नॅनोसेकंदावर आली की अडीच सेंटिमीटरच्या पुढची रेघ तारेसारखी वागत नाही. टोकाला पोचलेला सिग्नल तेथून उलटा फिरतो आणि पुढच्या सिग्नलमध्ये मिसळतो. येथे सर्किटच्या घड्याळाच्या (क्लॉकच्या) वेगापेक्षा चढणीचा वेग महत्त्वाचा. त्याच नावाचा आयसी नव्या, बारीक तंत्राने बनू लागला की चढण तीव्र होते, आणि दहा वर्षे नीट चाललेला बोर्ड एक रेघही न बदलता बिघडू लागतो.

ही गोष्ट समजण्यासाठी रेघेच्या खाली पाहावे लागते. वीज एका वाटेने जाते तर दुसऱ्या वाटेने परत येते. कमी वेगाला परतीचा प्रवाह ग्राउंडच्या तांब्यात ऐसपैस पसरतो आणि सर्वांत कमी रोधाची वाट धरतो. वेग वाढला की तो रेघेच्या बरोबर खाली, तिच्या सावलीसारखा चालू लागतो, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह जितके जवळ तितका त्या वाटेचा विरोध कमी. आता समजा, या ग्राउंडच्या तांब्यात दुसरी एक रेघ नेण्यासाठी लांब चीर पाडली आहे आणि वरची वेगवान रेघ ती चीर ओलांडते. रेघ पलीकडे गेली. खालच्या प्रवाहाला मात्र चिरेच्या टोकापर्यंत वळसा घालावा लागतो. जाणे आणि येणे यांमध्ये जो फेरा तयार होतो तो अँटेनाचे काम करतो. नेटलिस्ट बरोबर असते, डीआरसी काही बोलत नाही, बोर्ड टेबलावर चालतो आणि गोंगाटाच्या चाचणीत नापास होतो. युरोपात १९९६ पासून विद्युतचुंबकीय गोंगाटाचे नियम पाळल्याशिवाय माल विकता येत नाही, तेव्हापासून ही चीर थेट पैशाची गोष्ट झाली.

चार थरांच्या बोर्डाचे महत्त्व याच्यातच आहे. दोन थरांच्या पाटीत रेघ आणि तिची परतीची वाट यांत १.६ मिलिमीटरचे अंतर असते. चार थरांत आतला ग्राउंड वरच्या रेघेपासून साधारण ०.२ मिलिमीटरवर येतो. ५० ओहमच्या रेघेला दोन थरांत सुमारे ३ मिलिमीटर रुंदी लागते, चार थरांत ती अर्ध्या मिलिमीटरच्या आत बसते. रेघ ही जोडणी न राहता स्वतःच एक भाग झाली, आणि तिची किंमत तिच्या रुंदीवर, लांबीवर आणि खालच्या तांब्यावर ठरू लागली. पट्टी चिकटवणाऱ्या आरेखकाला हे कळण्याची गरज नव्हती. हॉवर्ड जॉन्सन आणि मार्टिन ग्रॅहम यांचे या विषयावरचे प्रसिद्ध पुस्तक १९९३ चे आहे आणि त्याच्या उपशीर्षकात काळ्या जादूचा उल्लेख आहे. त्या दशकात हा विषय लोकांना खरोखरच तसा वाटत होता. त्यात जादू नाही, विद्युतचुंबकीय क्षेत्राचा अभ्यास आहे. पण तो अभ्यास न करता केवळ सॉफ्टवेअरची बटणे शिकलेल्या माणसांची एक पिढी याच काळात मागे पडली.

शिकण्याची साधने मात्र कधी नव्हती इतकी हाताशी आली आहेत. फ्रान्सच्या ग्रेनोबलमधले प्राध्यापक ज्याँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये सुरू केलेले कीकॅड हे लेआउटचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. २०१३ पासून सर्न या युरोपीय प्रयोगशाळेने त्यात भर घातली आणि आज त्यावर धंद्याचे बोर्ड होतात. १०० मिलिमीटर चौरसाचे दोन थरांचे पाच बोर्ड चीनमधून काही डॉलरांत बनून येतात. टेपच्या काळात एका चुकीला महिना जायचा, आता आठवडा-दोन आठवडे जातात. फुकट सॉफ्टवेअर आणि स्वस्त बोर्ड यांमुळे शिकण्याचा दरवाजा लहान गावातल्या मुलालाही उघडा झाला, ही या साऱ्या बदलातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. उणीव शेजारच्या टेबलाची आहे. बाजूला बसून ‘हा कंडेन्सर येथे का ठेवलास?’ असे विचारणारा जुना माणूस पुष्कळांना मिळत नाही.

ती जागा काही अंशी दुसऱ्याचे बोर्ड वाचून भरता येते. आर्डुइनो उनो या बोर्डाचा लेआउट सर्वांसाठी खुला आहे. तो उघडून प्रत्येक रेघेचे कारण शोधणे हा चांगला पहिला अभ्यास आहे. क्रिस्टल आयसीच्या पायांना खेटून का आहे? १०० नॅनोफॅरडचा कंडेन्सर प्रत्येक वीजपायाजवळच का? आयसीतले लाखो स्विच एकदम फिरले की त्या क्षणी लागणारी वीज दूरच्या रेग्युलेटरकडून वेळेत पोचत नाही; ती शेजारच्या कंडेन्सरने द्यायची असते. तो एक-दोन सेंटिमीटर लांब गेला की मधल्या रेघेचा इंडक्टन्स आड येतो आणि नेटलिस्टमध्ये हजर असलेला कंडेन्सर कामाला गैरहजर राहतो.

पुढची पायरी स्विचिंग रेग्युलेटरची. त्यातला स्विच, डायोड आणि आत येणाऱ्या विजेचा कंडेन्सर यांमधून प्रवाह सेकंदाला लाखो वेळा झटक्याने चालू-बंद होतो. या तिघांचा फेरा बोटाच्या नखाएवढा ठेवला तर बोर्ड शांत राहतो, काडेपेटीएवढा झाला की शेजारचा रेडिओ खरखरतो. त्यानंतर ९० ओहमच्या जोडीने जाणारे यूएसबी, मग सारख्या लांबीच्या रेघा मागणारी डीडीआर मेमरी. ही चढण कोणी वर्षात चढते, कोणी पाच वर्षांत.

२०२० नंतरच्या चिपटंचाईने आखणाऱ्याच्या कामात बाजारही आणला. भाग निवडण्याआधी तो मिळतो का हे पाहायचे आणि एकाच जागी दोन वेगळे आयसी बसतील असे पॅड ठेवायचे, ही सवय तेव्हा पडली. भारतात लेआउट करणारे हात बरेच आहेत, पण बहुथरी पाट्या आणि त्यांना लागणारा तांबे लावलेला पत्रा मोठ्या प्रमाणात बाहेरून येतो. केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये मंजूर केलेल्या २२,९१९ कोटी रुपयांच्या घटक-निर्मिती योजनेत या दोन्हींचा समावेश आहे. कारखाना जवळ आला तर आखणाऱ्याला तो जाऊन पाहता येईल, आणि ते शिक्षण कोणत्याही चलतचित्रात मिळत नाही.

पहिल्यांदा बोर्ड पाठवणाऱ्याला जुनी माणसे एक साधी गोष्ट करायला लावतात. लेआउट खऱ्या मापात कागदावर छापायचा, थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवायचा आणि विकत आणलेले खरे भाग त्यावर मांडायचे. कनेक्टर उलटा आहे, आयसीचे पाय पॅडपेक्षा रुंद आहेत, स्क्रूचे डोके रेघेवर येते, अशा चुका पडद्यावर कित्येक दिवस दिसत नाहीत आणि कागदावर दहा मिनिटांत दिसतात. बोर्ड हातात आला की आधी मीटरने वीज आणि ग्राउंड यांत शॉर्ट नाही हे पाहायचे, मग प्रवाहाची मर्यादा लावलेल्या सप्लायवर तो चालू करायचा. तरी काहीतरी राहिलेले निघतेच. मग पातळ पात्याने ती रेघ कापतात, एनॅमलची बारीक तार घेऊन दोन पॅडना डाग देतात आणि स्कीमॅटिकवर तारीख घालून खूण करतात. पुढच्या आवृत्तीत त्या तारेच्या जागी तांब्याची रेघ येते.